मांजरसुंब्याचा फाटा आणि तुटलेला प्रवास

बीडहून सोलापूरकडे निघालेला रस्ता पाली मागे टाकून बालाघाटाचा चढ चढतो आणि माथ्यावर मांजरसुंब्याला येताच त्याला दुसरा रस्ता छेदतो. हा दुसरा रस्ता पश्चिमेला लिंबागणेश, पाटोदा, जामखेड करीत अहिल्यानगरकडे जातो आणि पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाईवरून लातूरकडे. त्यामुळे मांजरसुंबा हे आसपासच्या गावांसाठी गाडी बदलण्याचे ठिकाण आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जाणारा रुग्ण, बीडच्या कचेरीत निघालेला शेतकरी, पुण्याची गाडी पकडणारा मजूर आणि कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला येणारा भाविक, सगळ्यांचीच वाट इथून जाते. बससेवा सुधारणे, सायकलस्वाराला रस्त्यावर जागा देणे हे विषय आपल्याकडे पुण्या-मुंबईचे मानले जातात. मांजरसुंब्याच्या वाहतुकीचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला, तर मला वेगळेच दिसते. ज्या ज्या वेळी शासनाने प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामापर्यंत एकसंध मानला, त्या त्या वेळी इथली सेवा सुधारली. आणि रस्ता एका खात्याचा, बस दुसऱ्याची, सायकल तिसऱ्याची असे झाले, तेव्हा मोठा खर्च होऊनही प्रवासी फाट्यावर ताटकळत राहिला.

एकसंध प्रवासाचा विचार या मुलखात स्वातंत्र्याआधीच आलेला होता. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि रेल्वेने त्याला बगल दिली होती. मनमाडहून हैदराबादकडे गेलेला लोहमार्ग औरंगाबाद, जालना, परभणी असा उत्तरेकडून गेला आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये दक्षिणेकडून लातूरला पोहोचली. मधला बालाघाट कोरडाच राहिला. त्याच काळात मोटारगाड्या जवळच्या पल्ल्याचे प्रवासी ओढू लागल्या आणि देशभरच्या रेल्वे कंपन्या चिंतेत पडल्या. निजाम स्टेट रेल्वेने त्यावर काढलेला मार्ग आजही विचार करण्यासारखा आहे. जून १९३२ मध्ये तिने स्वतःचाच रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. मोटारीशी झुंजण्याऐवजी मोटार रेल्वेला जोडून घ्यायची, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही एकाच व्यवस्थेत राहतील, असा त्यामागचा हिशेब होता. हेतू अर्थातच महसुलाचा होता, लोककल्याणाचा नव्हे, आणि बालाघाटातल्या खेड्यांपर्यंत तिचा हात फारसा पोहोचला असेल असे मानण्याचे कारण नाही. पण बस ही मोठ्या प्रवासाचा एक टप्पा आहे आणि तिची वेळ पुढच्या गाडीशी जुळली पाहिजे, हे तत्त्व संस्थानी कारभाराने कागदावर आणि रस्त्यावर मान्य केले होते. अडचण होती ती सरहद्दीची. जामखेड मुंबई इलाख्यात आणि पाटोदा निजामाच्या मुलखात. मध्ये करोडगिरीचे, म्हणजे सीमाशुल्काचे, नाके. आज जो रस्ता एका दमात पार होतो, तो तेव्हा दोन राजवटींच्या मधोमध तुटलेला होता.

१ जून १९४८ रोजी मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हा नगरच्या पलीकडे हैदराबाद संस्थान अजून विलीन व्हायचे होते. सप्टेंबरात ते झाले. एसटी येण्याआधी बहुतेक ठिकाणी खाजगी सर्व्हिस मोटारींचे राज्य होते आणि त्यांचा नियम एकच: गाडी भरेपर्यंत निघायची नाही. मालकाच्या दृष्टीने हा नियम रास्तच. रिकामी गाडी हाकणे त्याला कसे परवडणार? पण त्यामुळे प्रवाशाच्या वेळेला किंमत उरत नव्हती. एसटीने आणलेला खरा बदल लाल रंगाचा किंवा लोखंडी पेटीतल्या तिकिटांचा नव्हता. गाडी भरो न भरो, ठरल्या वेळी सुटणार, ही हमी तिने दिली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या हमीला कायदेशीर बैठक मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या परिवहन सेवांचे एकच महामंडळ झाले, तेव्हा नगरहून जामखेड-पाटोद्यामार्गे मांजरसुंबा आणि तिथून अंबाजोगाई ही वाट प्रथमच एका वेळापत्रकात मांडता येणे शक्य झाले. फायद्याच्या मार्गावरचा पैसा तोट्याच्या मार्गावर वळवायचा, ही या महामंडळाची घडणच होती. पुणे-नगरच्या प्रवाशाने भरलेल्या तिकिटातला काही वाटा बालाघाटातल्या गावच्या फेरीला जात असे. हे धोरण होते, विचारपूर्वक स्वीकारलेले, आणि त्याचे फळ पुढच्या तीस वर्षांत दिसले.

ते फळ पिकायला मात्र दुष्काळ कारणीभूत झाला, हे विसरता कामा नये. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्हा होरपळून निघाला. हाताला काम म्हणून शासनाने जी कामे काढली, त्यांत रस्त्यांचा वाटा मोठा होता. उन्हातान्हात खडी फोडणाऱ्या बाया-माणसांनी, त्यांत मोठ्या संख्येने बायाच होत्या, मराठवाड्यातल्या असंख्य गावांना पहिल्यांदा मोटार जाईल असा रस्ता दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि रस्त्यांची कामे चालू राहिली. या कच्च्या रस्त्यांवरून एसटी गावात शिरली. मुक्कामी गाडी ही त्या काळाची सर्वांत मोठी देणगी. संध्याकाळी गाडी गावात यायची, चालक-वाहक रात्री गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला, जिल्ह्याला निघायची. दूध, वर्तमानपत्र, टपाल, कॉलेजचा विद्यार्थी, कोर्टाची तारीख असलेला माणूस, सगळे तिच्या भरवशावर. या गाडीचा ताळेबंद फक्त तिच्या तिकिटांवर मांडला असता तर ती कधीच सुटली नसती. दुष्काळी मजुराच्या श्रमातून झालेला रस्ता आणि त्यावर ठरल्या वेळी धावणारी गाडी, असा रस्ता आणि सेवेचा मेळ मराठवाड्याच्या इतिहासात तेव्हाच काय तो बसला. मुलींचे शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, बाळंतीण दवाखान्यात पोहोचली, ती या मेळामुळे.

याच काळात शासनाचा दुसरा हात उलट दिशेने चालत होता. १९५८ च्या कायद्याने बसच्या तिकिटावर प्रवासी कर बसवला. त्याचे दर पाहिले की धोरणाचा कल उघडा होतो: शहरी बससेवेच्या प्रवाशाला साडेतीन टक्के, तर ग्रामीण आणि आंतरशहरी एसटीच्या प्रवाशाला साडेसतरा टक्के. म्हणजे नेकनूरहून बीडला जाणारी मजूर स्त्री शहरातल्या प्रवाशाच्या पाचपट दराने कर देत होती. आणि तिचा घरधनी सायकलवरून बाजाराला गेला, तर १९५८ च्याच ग्रामपंचायत कायद्याने सायकलीवर कर बसवण्याचा अधिकार पंचायतीला दिलेला होता. त्या दशकांत शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक, दूधवाला, सगळे सायकलवर होते. तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. सायकलची नोंद शासनदरबारी होती ती कराचे साधन म्हणून. ज्या रस्त्यावर ती चालायची, त्या रस्त्याच्या आराखड्यात तिला जागा नव्हती.

जागा का नव्हती, याचे उत्तर अभियंत्यांच्या नियमपुस्तकात सापडते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये सायकल मार्गांच्या रचनेचे निकष प्रसिद्ध केले. देशात सायकलचा विचार झालाच नाही, असे म्हणणे त्यामुळे खरे ठरत नाही. पण निकष असा होता की गर्दीच्या तासाला रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली मोजायच्या, त्यांची संख्या शेकड्यांत भरली तर स्वतंत्र मार्ग द्यायचा. शहरातल्या गिरण्या-कारखान्यांसमोर ही अट पुरी होत असेल. मांजरसुंबा-नेकनूर रस्त्यावर ती कधीच होणार नव्हती. शिवाय या मोजणीत एक मूलभूत दोष आहे. भीतीने ज्याने सायकल सोडली, ज्या बापाने मुलीला रस्त्यावर सायकल घालू दिली नाही, ते मोजणीत येतच नाहीत. रस्ता जितका धोक्याचा, तितक्या सायकली कमी; आणि सायकली कमी म्हणून मार्गाची गरज नाही. नदीवर पोहून जाणारे किती, ते मोजून पुलाची गरज ठरवण्यासारखा हा प्रकार आहे.

मग महामार्ग आला. धुळे-सोलापूर रस्त्याच्या चौपदरीकरणात येडशी ते औरंगाबाद हा सुमारे १९० किलोमीटरचा टप्पा खाजगी कंपनीने बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर गेल्या दशकात बांधला. मांजरसुंबा याच टप्प्यात येते. या रस्त्याने सोलापूर आणि संभाजीनगर जवळ आणले, मालवाहतूक वेगवान केली, त्याचा लाभ जिल्ह्याला झाला, हे निःसंशय. पण ज्या हिशेबाने तो बांधला गेला, त्यात टोल भरणारे वाहन हे मोजमापाचे एकक होते. बसची वाट पाहणारा माणूस टोल भरत नाही आणि सायकलवालाही भरत नाही. उलट राष्ट्रीय महामार्गावर टोल भरते ती एसटी, आणि तो बोजा अखेर तिच्या ताळेबंदात तोटा म्हणून दिसतो. जिथे दोन रस्ते मिळतात तिथे वेगवान गाड्यांना अडथळा होऊ नये याची काळजी जितकी घेतली जाते, तितकी एका रस्त्याच्या बसमधून उतरून दुसऱ्या रस्त्याच्या बसपर्यंत चालत जाणाऱ्या म्हातारीची घेतली जात नाही.

याच वर्षांत दिल्लीत मात्र विचार बदलत होता. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांची नव्हे तर माणसांची ने-आण हे ध्येय ठरवले आणि बस, पादचारी, सायकल यांना प्राधान्य द्या असे सांगितले. २००५ पासूनच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरांना बससाठी पैसा मिळू लागला. मराठवाड्यातून त्या यादीत नांदेड होते. औरंगाबादला २०१९ मध्ये स्मार्ट सिटीतून शहर बस सुरू झाली. २०२३ मध्ये केंद्राने १०,००० इलेक्ट्रिक बसची योजना जाहीर केली, तिची मुख्य अट २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांहून अधिक वस्तीची होती. बीड शहराची वस्ती तेव्हा दीड लाखाच्या आत. म्हणजे धोरण जितके सुधारत गेले, तितके ते मोठ्या शहरांच्या हद्दीत आक्रसत गेले. बससेवेवरचा आमचा सार्वजनिक पैसा आज वस्तीच्या आकड्याने वाटला जातो, गरजेच्या तीव्रतेने नव्हे, हा माझा मुख्य आक्षेप आहे. पुण्यातल्या नोकरदाराला बस चुकली तर रिक्षा आहे, मेट्रो आहे, स्वतःची दुचाकी आहे. मांजरसुंब्याच्या परिसरातल्या चौसाळ्याच्या विद्यार्थिनीला बस चुकली तर दिवस गेला.

या सगळ्या चित्रात राज्य शासनाची एक योजना अशी आहे, जिची हवी तितकी चर्चा झाली नाही. मानव विकास कार्यक्रम २०११-१२ पासून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत विस्तारला, त्यात बीड जिल्ह्यातलेही तालुके होते. या कार्यक्रमाने आठवी ते बारावीच्या मुलींसाठी गावापासून शाळेपर्यंत मोफत एसटी दिली. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला पाच याप्रमाणे निळ्या रंगाच्या स्वतंत्र बस आल्या. आणि ज्या मुलींचे घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत, त्यांना सायकल दिली. जवळच्या अंतराला सायकल, लांबच्या अंतराला बस, आणि दोन्हींचा हिशेब मुलीच्या घरापासून शाळेच्या दारापर्यंत! निजामाच्या रेल्वेने महसुलासाठी जे तत्त्व वापरले, तेच इथे शिक्षणासाठी वापरले गेले. अशा धोरणाचा परिणाम होतो याचा भक्कम पुरावा बिहारमध्ये आहे. तिथे २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली योग्य वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक होता. आमच्या योजनेत मात्र एक दुवा निखळला. सायकल आणि बस आल्या, पण ज्या रस्त्यावरून मुलगी जाणार त्याचा विचार त्या योजनेत नव्हता, आणि रस्ता बांधणाऱ्या खात्याला या मुलींची मोजणी करण्याचे बंधन नव्हते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा घेतला जातो. एसटी तोट्यात आहे, तिला आणखी काय सांगता? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले. कोविडपूर्वी रोज साठ लाखांहून अधिक प्रवासी नेणारी सेवा ठप्प झाली आणि खाजगी वाहनांना रान मोकळे मिळाले. काळ्या-पिवळ्या जीपा आणि ॲपे रिक्षा चालणाऱ्या मार्गांवर धावल्या, आणि गाडी भरल्याशिवाय निघायचे नाही हा १९४८ पूर्वीचा सर्व्हिस मोटारींचा नियम परत आला. या वाहनचालकांना दोष देण्यात अर्थ नाही. ते आपले पोट भरतात आणि फाट्यापासून आतल्या गावापर्यंतचा बराच भार तेच वाहतात. पण आडगावच्या सकाळच्या सहाच्या फेरीची जबाबदारी त्यांनी घ्यावी, असा करार त्यांच्याशी कोणी केलेला नाही. ती जबाबदारी फक्त एसटीवर आहे, सवलती तिनेच द्यायच्या, टोल तिने भरायचा, प्रवासी कर तिच्या तिकिटातून वसूल व्हायचा, आणि अखेरीस तिलाच तोट्याची म्हणायचे, हा हिशेब न्यायाचा नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, तेव्हा प्रवासी परत आले. तिकीट परवडत नाही म्हणून किती बायका घरी बसत होत्या, ते त्या गर्दीने दाखवले. मात्र सवलत वाढली त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. जी गाडी येतच नाही, तिच्या अर्ध्या तिकिटाचा उपयोग कोणाला?

दुसरा आक्षेप असा, की आता घरोघरी मोटारसायकल आहे, सायकल कोण चालवतो? घरात मोटारसायकल असणे आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाती ती असणे यांत फरक आहे. ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असते. चौदा वर्षांच्या मुलीला कायदा ती चालवू देत नाही, सत्तरीच्या आजीला शरीर चालवू देत नाही आणि ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाला पेट्रोलचा भाव चालवू देत नाही. घाटात सायकल कशी चालणार, असेही विचारले जाते. पाली ते मांजरसुंबा घाट चढायला कोणी सायकल मागतच नाही. घाटासाठी बस आहे. सायकल हवी ती माथ्यावरच्या बऱ्याचशा सपाट मुलखात, वाडीपासून शाळेपर्यंत आणि गावापासून फाट्यापर्यंत. नेदरलँड्समध्ये रेल्वेने जाणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक घरून स्थानकापर्यंत सायकलने येतात, कारण स्थानकात सायकल ठेवायला सुरक्षित जागा आहे. पुण्याचे उदाहरण देऊन सायकल मार्ग फसतात असे सांगणाऱ्यांचे निरीक्षण चूक नाही. २००६ च्या बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांबरोबर, तिथे झालेले सायकल मार्ग अनेक ठिकाणी तुटक राहिले, त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, दुकाने आली. पण ते फसले ते तुकड्यांत बांधले म्हणून. मांजरसुंब्याला शहरासारखा रंगवलेला, कठड्यांचा मार्ग हवा असे माझे म्हणणे नाहीच. शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिघातल्या रस्त्यांची साइडपट्टी सलग, पक्की आणि डांबराच्या पातळीला आलेली असावी, एवढीच पहिली मागणी आहे.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन तीन दशके उलटली होती. लोहमार्ग मांजरसुंब्यावरून जात नाही. इथल्या माणसाला बीड स्थानक गाठायचे तर घाट उतरून बसनेच जावे लागेल. रेल्वेच्या वेळेला जोडून बस सोडायची की नाही, हा १९३२ चा प्रश्न आता पुन्हा जिल्ह्यासमोर आला आहे. एसटीला हे जमत नाही असे नाही. कपिलधारच्या यात्रेला ती जादा गाड्या सोडते, गर्दीचा अंदाज बांधते, फेऱ्या आखते. यात्रेच्या दिवसांत जी आखणी होते, ती शाळेच्या आणि रेल्वेच्या रोजच्या वेळेसाठीही होऊ शकते. बीड विभागाने मांजरसुंब्याला उतरणाऱ्या प्रवाशाची पुढची गाडी कोणती आणि किती वेळाने, हे वेळापत्रकात मांडावे. फाट्यावर सावली, पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि सायकल लावण्याची राखणीची जागा असावी. रस्ते खात्याने रुंदीकरणाचा प्रस्ताव करताना सायकलवाटप झालेल्या मुलींची यादी शाळेकडून मागवून तीच मोजणी धरावी. आणि ग्रामीण प्रवाशावरचा प्रवासी कर शहरी दरापेक्षा एक पैशानेही जास्त नसावा. यातल्या कशालाही नवे महामंडळ लागत नाही. मांजरसुंबा, नेकनूर, लिंबागणेश आणि चौसाळ्याच्या ग्रामसभांनी येत्या शैक्षणिक वर्षाआधी या चार मागण्यांचे ठराव करून विभाग नियंत्रक आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत, आणि त्या सभेला आठवी ते बारावीच्या मुलींना बोलावून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे.